डावा खांदा

पप्पा गेल्यानंतर सव्वा महिन्याने यशोधराला ते पहिल्यांदा दिसले.

बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीच्या रस्त्यावर, सकाळी साडेसहाची वेळ. उल्हास नदीवरून धुकं सरकत सरकत घरांच्या कुंपणांपर्यंत आलं होतं आणि त्यातून एक माणूस दुधाच्या पिशव्या घेऊन पाठमोरा चालला होता. उंची जास्त होती, चाल निराळी होती, केस तर भलतेच काळे होते. तरी पाठ पप्पांचीच होती. डावा खांदा जरासा उतरलेला, जणू त्या बाजूने एखादं लहान मूल बोट धरून चाललं आहे आणि त्याच्यासाठी हा माणूस झुकला आहे. यशोधराने हाक मारली नाही. हाक मारली असती तर तो वळला असता.

मग ते दिसतच राहिले. शहाडच्या पुलावर स्कूटरवर, पुढच्या ट्रकच्या धुरात. उल्हासनगरात पाच नंबर कॅम्पात पाववाल्याच्या दुकानापुढे. अंबरनाथला एमआयडीसीच्या फाटकाशी तर एकाच सकाळी दोनदा, आणि दुसऱ्या वेळी ते बिडी ओढत होते, जी पप्पांनी जन्मात ओढली नव्हती. दर वेळी फक्त पाठ. दर वेळी पाच-सात सेकंद, आणि तेवढ्या वेळात आजूबाजूचे सगळे आवाज पाण्याखाली गेल्यासारखे व्हायचे. मग माणूस वळायचा, कोणी तरी परका निघायचा आणि रस्ता पुन्हा बोलू लागायचा.

त्यातल्या बहुतेकांच्या अंगावर पप्पांच्या कंपनीचं जॅकेट असे, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण या तीन गावांत थंडीच्या दिवसांत दर चौथा माणूस तेच जॅकेट घालतो. त्यात नवल ते काय, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

ती घाबरली नाही. उल्हासनगरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला इतिहास शिकवत तिची तेरा वर्षं गेली होती. गेलेली माणसं एकदम जात नाहीत, डोळे त्यांना काही दिवस शोधत राहतात, एवढं तिने वाचलेलं होतं. आईला तिने सांगितलं नाही. आईने, सरस्वतीने, जलदान विधी झाल्यावर तिसऱ्याच दिवशी पप्पांचे कपडे वाटून टाकले होते आणि हात धुतले होते. यशोधराने रिकामं कपाट नुसतं लावून घेतलं होतं. पण आता ती घरातून अर्धा तास लवकर निघू लागली. एखाद्या दिवशी कोणीच दिसलं नाही, तर संध्याकाळपर्यंत तोंडाला चव नसायची.

कॉलेजातून तिने बिनपगारी रजा घेतली होती. कंपनीच्या कागदांवर सह्या करायला घरचं कोणीतरी हवं होतं.

कंपनीचं नाव ‘बाहेर’. पाठीवरच्या सॅक, जॅकेटं, तंबू, डोंगरात घालायच्या पँटी. पप्पा, म्हणजे किसन, उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या कारखान्यात जीन्स शिवत. त्याआधी दहा वर्षं त्याच शेठचे कापडाचे तागे डाव्या खांद्यावरून वाहत. चोवीस वर्षांपूर्वी बदलापूरचा प्रमोद नावाचा एक तरुण चंदेरी गडाच्या कड्यावर फाटलेली सॅक घेऊन गल्लीभर फिरला. कोणी हात लावेना. किसनने जीन्सच्या जाड दोऱ्याने ती शिवून दिली. वर्षाने प्रमोद परत आला. सॅक पुन्हा फाटली होती, पण किसनची शिवण सोडून बाकी सगळीकडे.

“आता अख्खीच शिवून द्या,” तो म्हणाला.

पहिल्या सॅक किलोवर मिळणाऱ्या जुन्या लष्करी तंबूंच्या कापडातून झाल्या, मांजर्लीच्या घराच्या गॅलरीत, एका मशीनवर. मग तीन मशीन झाली आणि अंबरनाथ गावठाणातली सगुणाबाई कामाला आली. मग एमआयडीसीत भाड्याचा गाळा, मग स्वतःचा, आणि गेल्या वर्षी बदलापूरकडे नवी शेड. पुण्या-नाशकाची मुलं माल मागवू लागली. किसनला नाव ठेवायचं होतं ‘सरस्वती गारमेंट्स’. प्रमोद, जो एव्हाना नोकरी सोडून भागीदार झाला होता, हात जोडून म्हणाला होता की, भाऊ, कडा चढणाऱ्याच्या पाठीवर सरस्वती गारमेंट्स लिहिलेलं बरं दिसणार नाही. हा वाद चालू असताना फोन वाजला. पंधरा वर्षांच्या यशोधराने उचलला. पप्पा कुठे आहेत, असं पलीकडून कोणी विचारलं, आणि ती म्हणाली, “बाहेर.” वाद तिथे मिटला.

गंमत म्हणजे किसन स्वतः कधी गड चढला नाही. वर काय आहे, असं तो प्रमोदला विचारायचा. हवा, असं प्रमोद म्हणायचा. ती खाली पण आहे, असं म्हणून किसन मशीनवर बसायचा. पण प्रत्येक नव्या जॅकेटचा पहिला पीस त्याच्या अंगाच्या मापाचा निघे आणि सात दिवस तो त्याच्या अंगावरून उतरत नसे. बाजारात तेच, नदीवर तेच, एक रात्र गच्चीवर झोपायचं तेही त्यातच. आठव्या दिवशी तो म्हणायचा, “पास.” त्याशिवाय सगुणाबाई कात्रीला हात लावत नसे.

फर्मा, म्हणजे कापड कापायचा पुठ्ठ्याचा साचा, तोही त्याच्याच अंगावरून निघाला होता. इतर शिंपी पाठीचा अर्धाच फर्मा काढतात आणि कापड दुमडून कापतात. किसनला ते ठाऊक होतं, पण पटत नव्हतं. जुनी चादर अंगावर टाचण्यांनी लावून घेऊन तो गॅलरीत तासभर उभा राहिला होता आणि सगुणाबाईने त्याची अख्खी पाठ, दोन्ही खांदे धरून, फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उतरवली होती. लहान-मोठी सगळी मापं मग त्या एका पाठीवरूनच वाढवली-घटवली गेली. बावीस वर्षांत खिसे बदलले, टोप्या बदलल्या, कापड बदललं. पाठ तीच राहिली.

फेब्रुवारीत बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीने, जिची देशभर दुकानं होती, चार हजार जॅकेटं मागितली. ही ऑर्डर मिळाली तर नवी शेड चालू होणार होती. साठ बायकांना प्रमोदने तोंडी शब्द दिला होता, त्यातल्या तिघी-चौघी तर रोज येऊन शेडच्या कुलपाकडे बघून जात. माल तपासायला त्या कंपनीकडून तेजस्वी नावाची एक मुलगी आली. पुण्याची, बोलायला गोड, हाताला कडक. तिने एक जॅकेट टेबलावर पसरलं, टेप लावला, लिहिलं. दुसरं पसरलं. सहा जॅकेटं झाल्यावर तिने पेन बंद केलं आणि अगदी अदबीने विचारलं की, यामागे डिझाइनचा काही विचार आहे का?

“कशामागे?” प्रमोद म्हणाला.

“डावा खांदा. सगळ्या मापांत चौदा मिलिमीटर खाली आहे.”

प्रमोद म्हणाला की शिवताना झालं असेल. तेजस्वीने मान हलवली. शिवताना झालं तर कधी डावा होतो, कधी उजवा होतो. हा फर्म्यातच आहे. दुरुस्त करून बारा दिवसांत सॅम्पल पाठवा, म्हणजे ऑर्डर तुमची, असं सांगून, चहा घेऊन, ती निघून गेली.

यशोधरा टेबलापाशी उभी होती. पाठीवरची चमकणारी पट्टी सहाच्या सहा जॅकेटांवर डावीकडे उतरत गेली होती, सहा माणसं एकाच बाजूला झुकून झोपल्यासारखी. मशीनचे आवाज हळूहळू पाण्याखाली गेले. म्हणजे तिचे डोळे फसत नव्हते. दूधवाला, स्कूटरवाला, बिडी ओढणारा. ती पाठ खरोखरच पप्पांची होती. इथे, या टेबलावर कापली गेली होती. आणि पुण्याला, नाशकाला, कुठल्या कुठल्या डोंगरांवर ती या क्षणी चालत असेल, वाऱ्याकडे तोंड करून उभी असेल.

फर्मा दुरुस्त केला, की ते चालायचं थांबणार होतं. आज ना उद्या शेवटचं जॅकेट विरून जाईल, आणि मग कुठेच नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने सगुणाबाईला गाठलं.

“मावशी, तुला माहीत होतं?”

सगुणाबाईने चष्मा कपाळावर सरकवला. “बावीस वर्षं डावा तुकडा उजव्यापेक्षा आखूड लावतेय. मला नाय माहीत तर कोणाला?”

“मग पप्पांना सांगितलं का नाहीस?”

सगुणाबाईने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. “पहिलं जॅकेट घालून तुझा बाप आरशापुढे उभा राहिला तेव्हा तू शाळेत होतीस. मी होते. जन्मभर लोकांनी टाकलेले कपडे घातले त्या माणसानं. शेठच्या पोराचे शर्ट, कुठल्या साहेबाचा कोट. एक बाजू कायम लोंबायची. त्याला वाटायचं, आपलं अंगच बेकार. त्या दिवशी पहिल्यांदा कापड अंगाला बसलं. हात वर केले, खाली केले. मला म्हणतो, सगुणा, बघ, कुठं ओढत नाय. आता त्याला मी काय सांगू? भाऊ, खांदा वाकडा आलाय?”

“पण नंतर?”

“नंतर खपायला लागली,” सगुणाबाई म्हणाली.

प्रमोदने संध्याकाळी तोड काढली. दोन फर्मे ठेवायचे. बंगळुरूला सरळ जॅकेट जाईल, आपल्या गिऱ्हाइकाला भाऊंचं. इतक्या वर्षांत एक पीस परत आलेला नाही, मग दुरुस्त करायचंय कशाला? ऑर्डरही राहील आणि भाऊंची पाठही राहील. यशोधराला वाटलं, प्रमोदकाकांचे पाय धरावेत. पण सगुणाबाई कातरलेल्या चिंध्या गोळा करत होती, ती वर न बघताच बोलली. जुना फर्मा जिवंत ठेवायचा नाही, हा भाऊंचाच नियम होता. एका वर्षी जुन्या बाहीचा फर्मा नव्या अंगात मिसळला आणि तीनशे जॅकेटं अशी निघाली, की घालणाऱ्याला हात खांद्याच्या वर नेता येईना. तेव्हापासून नवा फर्मा आला, की किसन सगळ्यांसमोर जुन्याचे तुकडे करायचा, आपल्या हाताने.

“नियम त्याचा,” सगुणाबाई म्हणाली. “मोडायचा तर तू मोड. मालकीण तू आहेस.”

यशोधराने पाच दिवस काही ठरवलं नाही. त्या दिवसांत ती कामाशिवायच फिरली. उन्हं वाढली होती, जॅकेटं कमी झाली होती, आणि तिला वाटायचं, ती कमी होताहेत ती उन्हामुळे नाही, आपण फर्मा बदलायचा नुसता विचार केला म्हणून. एक दिवस तर बेलवलीच्या चढावर तिने एका पाठीमागे दीड किलोमीटर स्कूटी नेली आणि पाठ एका सोसायटीच्या फाटकात शिरली तेव्हा कुठे आपण काय करतोय ते तिला कळलं.

सहाव्या दिवशी सकाळी ती अंबरनाथला शिवमंदिराच्या वाटेवर होती. महाशिवरात्रीची जत्रा उठून आठ-दहा दिवस झाले होते. पाळण्यांचे खड्डे अजून बुजायचे होते, ओढ्यापलीकडे देवळाचा काळा दगड अर्ध्या झोपेत असल्यासारखा दिसत होता. फुलांच्या टपरीशी पप्पा पाठमोरे उभे होते, टोपली उतरवत. ती थांबली. पाच सेकंद झाले, सात झाले. माणूस वळेना. म्हणून या खेपेला तीच पुढे गेली.

“काय पाहिजे, ताई? बेल की हार?” त्याने वळून विचारलं. पन्नाशीचा, चेहऱ्याने गोल, मिशीवाला. टपरीवर ‘हिरामण फूल भांडार’ असं लिहिलं होतं.

तिने हार घेतला. पैसे देताना, जॅकेट चांगलं आहे, असं काहीतरी ती बोलली. हिरामण खूश झाला. पहाटे चारला कल्याणला फुलबाजारात जावं लागतं, म्हणून बारा महिने हेच घालतो, असं त्याने सांगितलं. पाच वर्षं झाली, फाटायचं नाव नाही. फक्त डावीकडे मानेला काचतं.

“मग बदलून का नाही आणलंत?”

“जॅकेटचा काय दोष? दुकानात दाखवलं ना मी. तो म्हणाला, सगळ्यांना बसतं, तुम्हालाच कसं बसत नाही? माझाच खांदा उचललेला असेल. टोपल्या वाहून वाहून होतं असं. बायको पण म्हणते, सरळ उभे राहा.” त्याने कॉलरमध्ये बोट घालून मान मोकळी केली. गळ्याच्या डाव्या बाजूला एक तांबूस रेघ होती. “पण आता जमलंय. हे असं जरा सोडून दिलं ना, की काचत नाही.”

आणि त्याने डावा खांदा सोडून दिला. तिच्या डोळ्यांदेखत तो पप्पा झाला, समोरून, मिशीसकट.

यशोधरा हार हातात धरून उभी राहिली. सगुणाबाईचा शब्द तिच्या कानात होता. आपलं अंगच बेकार, असं वाटून घेणारा एक माणूस होता. त्याला एकदाचं त्याच्या मापाचं कापड मिळालं, आणि त्याच मापातून तसंच वाटून घेणारी आणखी किती माणसं तयार झाली होती कोण जाणे. पप्पांना हे कळतं, तर त्यांनी बारा दिवस घेतले नसते. जेवायच्या आधी फर्मा बदलला असता आणि हिरामणला नवं जॅकेट स्वतः आणून दिलं असतं, वर त्याची माफी मागितली असती.

ती तडक गाळ्यावर गेली आणि सगुणाबाईला म्हणाली, “नवा पुठ्ठा काढ.”

चार दिवस लागले. तेजस्वीने पाठवलेल्या मापांवरून सगुणाबाईने अर्धीच पाठ आखली, मधल्या रेघेवर दुमडून कापायची. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, नवं जॅकेट तयार झालं आणि प्रमोदने ते अंगात घातलं. खांदे हलवले. पुन्हा हलवले.

“डावीकडे पोकळ वाटतंय गं. कापड जास्त झालंय का?”

सगुणाबाईने जॅकेट उतरवून टेप लावला. दोन्ही बाजू सारख्या. मग तिने टेप प्रमोदच्या मानेपासून एका खांद्याला लावला, मग दुसऱ्या, आणि दोन पावलं मागे जाऊन त्याच्याकडे नीट पाहिलं.

“जॅकेट बरोबर आहे, प्रमोदभाऊ. तुम्ही कलंडलात.”

बायका हसल्या. प्रमोद म्हणाला की या धंद्यात आलो तेव्हा काठीसारखा सरळ होतो, कोणालाही विचारा. “बावीस वर्षं भाऊंचीच जॅकेटं घालतोय,” तो म्हणाला, आणि स्वतःचाच डावा खांदा चाचपू लागला. यशोधरालाही हसू आलं होतं. त्या हसण्यामागून दुसरं काहीतरी येऊ लागलं, तेव्हा ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर रस्त्यावर एक टेम्पो मागे घेत होते. तो पूर्ण वळेपर्यंत तिने वाट पाहिली.

मग सगुणाबाईने भिंतीवरच्या खिळ्यावरून जुना फर्मा काढला. पाठ, दोन बाजू, बाह्या. मशीन थांबली, बायका टेबलाभोवती आल्या. सगुणाबाईने पाठ वेगळी काढून यशोधरापुढे धरली आणि हळू आवाजात म्हणाली, “एवढी घरी ने. घरी कोण कापड कापतंय? नियम गाळ्यापुरता.”

यशोधराने ती हातात घेतली. पुठ्ठ्याच्या कडा बावीस वर्षांच्या खडूने आणि घामाने काळ्या, मऊ झाल्या होत्या. खालच्या कोपऱ्यात फ्रिजच्या खोक्यावरचा, ही बाजू वर ठेवा असं सांगणारा बाण अजून होता. तिने पाठ स्वतःसमोर उभी धरली. ती तिच्या हनुवटीपर्यंत आली. क्षणभर वाटलं, डोकं टेकावं.

“नको,” ती म्हणाली. “कात्री दे.”

पुठ्ठा जाड होता. पहिल्या झटक्याला कात्री नुसती चावली. सगुणाबाईने तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून दाबलं. मानेपासून सुरुवात केली. डावा खांदा सुटून टेबलावर पडला, मग उजवा, मग मधला भाग, मग बाजू आणि बाह्या, चार, सहा, आठ तुकडे.  एक म्हातारी शिवणारी बाई पुटपुटली, की भाऊ असते तर दोन मिनिटांत उरकलं असतं.

शेवटचा तुकडा पडला आणि लाइट गेली. शुक्रवार होता, दुरुस्तीसाठी दर शुक्रवारी जायचीच. पंखे गरगरत मंद झाले आणि थांबले. पत्र्याखालचा उकाडा एकदम अंगावर आला. गाळ्यात इतकी शांतता झाली, की टेबलावरून घरंगळलेली टाचणी फरशीवर वाजली.

बायकांनी फार विचार केला नाही. एकीने बाहीचा तुकडा उचलला आणि तोंडापुढे हलवू लागली. दुसरीने पोटाचा घेतला, तिसरीने काखेचा. बघता बघता सगळे तुकडे उचलले गेले. पदर सैल करून, स्टुलांवर, गाठोड्यांवर बसून, बायका वारा घेऊ लागल्या. अर्ध्या उजेडात सगळीकडे पुठ्ठे हलत होते, मोठ्या संथ पक्ष्यांचा थवा बसल्या जागी पंख हलवत असावा तसे. यशोधराने त्यांना थांबवायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

सगुणाबाईने आपलं स्टूल ओढून तिच्याजवळ आणलं. तिच्या हातात डावा खांदा होता. दोन-चारदा तिने स्वतःला वारा घेतला, मग हात वळवला आणि यशोधराच्या तोंडावर वारा घालू लागली. वारा गरमच होता. त्याला खडूचा वास होता, आणि मशीनच्या तेलाचा.

यशोधराने डोळे मिटले.

“जरा जोरात घाल गं, मावशी,” ती म्हणाली.